नाल्याची ओटी

२७ जानेवारी १९९९

भुरी गाभडली. सातवा महिना होता. पहाटे दादा धार काढायला गेला तर तिच्यामागे पडलेलं. या हिवाळ्यातली ही तिसरी म्हैस. दादा फावडं घेऊन बांधाकडे गेला. वहिनी चुलीपाशी बसून रडली. मला कोर्टात तारीख होती. डोळे पुसले, लुना काढली. दिवसभर एका घरमालकाचं भाडेकरूबद्दलचं गाऱ्हाणं ऐकत होते आणि डोक्यात भुरी.

गोठ्यात आठ म्हशी. गोठा गेला तर दादा काय करील, हा विचार आज पहिल्यांदा मनात आला. शेत म्हशींच्या शेणावर, म्हशी शेतातल्या घासावर. एक गेलं की दुसरं राहत नाही. दादाला दुसरं काही येत नाही आणि यावं असं त्याला वाटतही नाही.

२८ जानेवारी

नाल्यावर जाऊन आले. पाणी हिरवट, कडेला पांढरा थर. नाक धरूनच उभी होते. वरच्या अंगाला अंबडची औद्योगिक वसाहत, तिथल्या प्लेटिंगच्या कारखान्याचा पाइप थेट नाल्यात.

मी कॉलेजात असताना हा नाला संक्रांतीपर्यंत कसाबसा टिकायचा. मग कारखाने आले, आणि एका वर्षी तो आटलाच नाही. चैत्रात पाणी! सगळ्या मळ्यांतल्या बायांनी मिळून त्याची ओटी भरली. खण, नारळ, हळदकुंकू. आमची आई सगळ्यांच्या पुढे. देव पावला असंच वाटलं, मलाही वाटलं. त्या पाण्यावर प्रत्येकाने लसूणघास लावला आणि घासाच्या जोरावर म्हशी वाढवल्या. नाशिकच्या कितीतरी चहांत हा नाला गेला असेल. आज हे लिहिताना कसंतरी झालं.

३ फेब्रुवारी

गुरांचे डॉक्टर आले. रक्त घेतलं, नाल्याचं पाणी बाटलीत भरलं. म्हणाले, “पाण्याचंच असणार. पण ताई, सगळं पाण्यावर ढकलू नका. हल्ली थंडीतही दुपारचं ऊन कसलं लागतं. म्हशीचं कातडं काळं, घाम कमी. तिला डुंबायलाच लागतं.”

डुंबायला आहे काय? तोच नाला.

२४ फेब्रु.

तपासणी आली. पाण्यात क्रोमियम, नको तितकं. वाचून बरं वाटलं. वकिलांची जात! पुरावा मिळाला म्हणून बरं वाटतं, मग आठवतं की हे आपल्याच म्हशींच्या पोटात गेलंय.

७ मार्च

ओट्यावर सगळ्या मळ्यांची बैठक. मी समजावून सांगितलं. फौजदारीचं कलम १३३, सार्वजनिक उपद्रव. अर्ज प्रांतसाहेबांपुढे इथेच नाशिकला. मुंबईला खेटे नकोत. सगळे ऐकत होते, फक्त शेजारचे काशिनाथआप्पा जमिनीकडे बघत होते. त्यांचा थोरला त्याच कारखान्यात कामाला.

“शालू, तू म्हनती ते समदं खरं हाय. पन माझं नाव नको टाकू.”

मी फटकन बोलले, “आप्पा, तुमच्याही दोन म्हशी गाभडल्या ना?”

“गाभडल्या. म्हनून पोराची नोकरी बी गाभडू देऊ का?”

सगळे हसले. मी नाही हसले. नंतर वाटलं, माझी जीभ मला एक दिवस महागात पडणार.

१५ मार्च

अर्ज लिहिला. मागणीच्या परिच्छेदात घातलं, ‘कारखान्याचे कोणतेही पाणी नाल्यात सोडणे कायमचे बंद करण्यात यावे.’ दादाला वाचून दाखवला. तो तिथे थांबला.

“कायमचं? साफ करून सोडलं तर चालंल की आपल्याला.”

“अरे, कोर्टात असंच असतं. आधी सगळं मागायचं, म्हणजे पदरात थोडं पडतं. साफ पाणी मागितलं तर अर्धं साफ मिळेल.”

सगळे वकील असंच लिहितात, मीही असंच शिकले. दादा म्हणाला, “तुला कळतं.” सही केली. अर्जदार क्रमांक एक.

१८ एप्रिल

निफाडहून मावसभावाचा फोन. काढणीला आलेल्या बागेवर गारा. अख्खी द्राक्षं जमिनीवर. फोनवर रडत होता. एवढा बाप्या माणूस. एप्रिलात गारा, मार्चमध्ये मेचं ऊन. काय चाललंय कळत नाही.

दिवाळी पाडवा

म्हशी धुतल्या, अंगाला तेल, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. सगळ्या मळ्यांतल्या म्हशी आणि रेडे वाजतगाजत म्हसोबाला. मैना सगळ्यांत पुढे, ती गोठ्याची मुकादम आहे, कोणाला पुढे जाऊ देत नाही. भुरी मागे पडत होती. दादाने तिच्या पाठीवर हात टाकून तिच्या चालीने चालत नेलं. डोक्याला फेटा, तोंडभर हसू. त्याला असं बघून किती दिवस झाले. आईने माझ्या हातात नारळ दिला, “कोर्टाच्या केशीसाठी तूच फोड.” फोडला. पाणी गोड निघालं. एवढ्याशावर मला आशा वाटते, शिकून उपयोग काय!

१९ जानेवारी २०००

आज आईची साक्ष. कारखान्याचे वकील अतिशय सभ्य. कोणाचा गळा कापायच्या आधीही नमस्कार करतात. मी त्यांना मनात ‘नमस्कारसाहेब’ म्हणते.

“आजी, नमस्कार. नाल्याला पहिल्यांदा उन्हाळ्यात पाणी राहिलं, तेव्हा तुम्ही त्याची ओटी भरलीत?”

“भरली.”

“ते कारखान्याचं पाणी आहे हे ठाऊक होतं?”

“पानी कुठून आलं ते इचारून वटी भरत्यात का?”

प्रांतसाहेबसुद्धा हसले. नमस्कारसाहेब हसले नाहीत.

“म्हणजे हे पाणी तुम्हाला हवं होतं.”

आई थांबली. माझ्याकडे बघितलं. मी काही खूण करू शकत नव्हते. मग म्हणाली, “हवंच व्हतं. अजून बी हवं हाय. निस्तं इख नको.”

लिहून घेणाऱ्याने लिहिलं, ‘साक्षीदारास पाणी हवे होते.’ पुढचं गाळलं. मी उठून हरकत घेतली, तेव्हा ते वाक्य आलं. पण आलं ते ‘मात्र दूषित नको’ असं. आईचं इख कागदावर नाहीच.

परत येताना लुनावर मागे बसून तिने माझ्या पाठीला डोकं टेकलं. “काय चुकलं का गं माझं?”

नाही आई. तुझंच तेवढं बरोबर होतं.

१४ मे

शहरात कार्यशाळा, ‘पर्यावरण कायदे आणि शेती’. हॉलमध्ये एसी, बाहेर आग. एक पाहुणे सांगत होते की पृथ्वी तापतेय, आणि गुरांच्या ढेकरांनीसुद्धा तापते. पडद्यावर गाईचं चित्र, तोंडातून बाण निघालेला.

घरी येऊन दादाला सांगितलं. तो कडबा तोडत होता. म्हशींकडे वळून म्हणाला, “ऐकलं का गं भवान्यांनो, तुमच्यामुळं ऊन वाढलंय.” मैनाने नेमका तेव्हाच ढेकर दिला. वहिनी हसून हसून खाली बसली.

मग दादा गंभीर झाला. “आपल्या आठ म्हशींचा ढेकर यांना दिसतो, शालू. त्या धुराड्यांचं काय?” मी म्हटलं, तेही सांगितलं त्यांनी. “सांगितलं ना? मग बंद कोन करनार?” हे सांगायच्या आत पाहुणे चहाला उठले होते.

२ जून

डॉक्टर म्हणतात मुका माज. म्हैस माजावर येते पण कळत नाही, ना ओरडते ना काही. उष्मा फार झाला की असं होतं. वेळ निघून जाते. दादा दिवसातून चारदा प्रत्येकीच्या मागे उभा राहून बघतो. वहिनी चिडवते, “माझ्याकडं कधी एवढं बघितलं नाय.”

२२ ऑगस्ट

निकाल! प्रांतसाहेबांचा हुकूम आमच्या बाजूने. कारखान्याने नाल्यात कोणतेही पाणी सोडायचं नाही. सगळं दिलं. मागितलं ते सगळंच्या सगळं. शिवाय, पाइप बंद होईपर्यंत या पाण्यावर चारा-भाजीपाला करू नये, तलाठ्याने लक्ष ठेवावं.

शेवटची ओळ वाचताना थोडी चपापले. पण बाहेर दादाने पेढ्यांचा पुडा धरला होता. नमस्कारसाहेबांनीही एक उचलला. “अभिनंदन, मॅडम. आम्ही वर जाऊच.”

आप्पांना पेढा द्यायला गेले. घेतला. खाल्ला नाही, हातात धरून ठेवला.

१० मार्च २००१

सेशन्सने त्यांचा अर्ज फेटाळला. संपलं.

५ एप्रिल

पाइपाच्या तोंडात सिमेंट भरलं. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. मॅनेजर स्वतः आले होते. अभिमानाने सांगत होते, आता सगळं पाणी आत शुद्ध करून आतच वापरणार, बागेला, संडासांना. एक थेंब बाहेर नाही.

मी म्हटलं, शुद्ध केलेलं जास्तीचं नाल्यात सोडलं तरी...

“मॅडम, तुमचाच अर्ज. ‘कोणतेही पाणी.’ आम्ही परत कोर्टाच्या भानगडीत पडणार नाही.”

बोलायची पद्धत चांगली होती. खोटंही नव्हतं. दादा नाल्याकडे बघून म्हणाला, “वास गेला.”

१७ जून

मैना व्यायली. पारडी! धडधाकट, काळीभोर, कपाळावर चांद. पडल्या पडल्या उठायला बघत होती, पाय चारही दिशांना. दादाने तिला गोणपाटाने पुसलं, नाकातलं काढलं, आणि आमच्या कोणाच्या लक्षात यायच्या आत तो ढसढसा रडायला लागला. दोन वर्षांनी गोठ्यात जिवंत पिल्लू.

एवढी पुस्तकं वाचली, कायदा कशासाठी असतो ते आज डोळ्यांनी बघितलं. चिकाचा खरवस खाल्ला. मी आज सुखी आहे. लिहून ठेवते, कारण असं वारंवार लिहायला मिळत नाही.

पारडीचं नाव वहिनीने ठेवलं, हुकूम.

२० ऑक्टोबर

पाऊस आला आणि गेला. आला तेव्हा धो धो, दोन दिवसांत सगळा वाहून गेला. विहिरीत पूर्वीसारखं चढलं नाही. दादा म्हणतो, नाला वाहायचा तेव्हा त्याचं पाझरून विहिरीत यायचं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं कधी.

११ मार्च २००२

विहीर तळाला. आधी अर्धा घास मोडला, आज उरलेला. वहिनी विळ्याने शेवटचा कापत होती, मुळापासून. पेंडी बांधली आणि तिच्यावरच बसून राहिली. “वन्सं, हा घास मी लग्न होऊन आले तवापासून बघते.” मी तिच्याशेजारी बसले.

६ ऑगस्ट

पावसाचा पत्ता नाही. कोर्टात सगळे म्हणतात यंदा असंच. यंदा, यंदा. दर वर्षी यंदाच असतं.

२१ ऑगस्ट

ढगाचा ठिपका नाही. आई पाणी पिताना भांड्यात थोडं उरवते आणि कुंडीत टाकते. तिला कोणी सांगितलं नाही.

३ नोव्हेंबर

दोन म्हशी बाजारात गेल्या. एक भुरी. दादा स्वतः घेऊन गेला, टेंपोत तिच्याशेजारी उभा राहून. आला तो सरळ नांदेपाशी गेला, तोंडावर पाणी मारायला. नांद रिकामी होती. मग लक्षात आलं त्याच्या.

रात्री जेवला नाही. मी म्हटलं, दादा, माझ्यावर रागाव तरी. तो म्हणाला, “तुझ्यावर का? पाऊस तू अडवलास का?” एवढंच. पण माझ्याकडे बघून बोलला नाही.

५ नोव्हेंबर

गेल्या पाडव्याला आठ होत्या, यंदा सहा. म्हसोबाला नेल्या, पण ताशा लावला नाही. एवढंच लिहिते.

१९ नोव्हेंबर

आप्पांच्या सगळ्या म्हशी गेल्या. रस्त्यात भेटले. “वकीलबाई, आता हवा कशी सोच्छ हाय नाय?” टोमणा होता. पण डोळे भरलेले होते, त्यामुळे मला रागही आला नाही नीट.

पूर्वी ते मला शालू म्हणायचे.

९ फेब्रुवारी २००३

फेब्रुवारीत पंखा लावावा लागतोय. उरलेल्यांपैकी एकीलाही माज कळलेला नाही. डॉक्टर म्हणाले, अंगावर दिवसातून तीनदा पाणी मारा. दादाने त्यांच्याकडे असं बघितलं की ते बिचारे पिशवी उचलून निघाले. टँकर येतो तो माणसांना पुरत नाही.

कायद्याला पाणी दिसतं ते घाण किंवा स्वच्छ. नसलेलं पाणी त्याला दिसत नाही. पाऊस कुठल्या कलमाखाली मागायचा? प्रतिवादी कोण? आज हे अशिलासमोर मोठ्याने बोलले बहुतेक, त्याने चमकून बघितलं.

२३ मार्च

मैना दावं तोडून गेली. शोधत शोधत दादा नि मी वसाहतीपर्यंत. कारखान्याच्या कुंपणाला तोंड लावून उभी. आत लॉन. हिरवंगार, कापलेलं, फवारे फिरतायत. आमच्याच नाल्याचं पाणी ते, शुद्ध केलेलं. तारेतून जीभ जाईल तेवढी घालून ती कडेचं गवत ओढत होती. जिभेतून रक्त.

वॉचमन काठी घेऊन आला. तो म्हणजे आप्पांचा थोरला, आता त्याला गेटवर टाकलंय. दादाला बघून काठी खाली केली. “मामा, घेऊन जा लवकर. साहेब बघतील.” मग इकडेतिकडे बघितलं, आत गेला आणि मशीनच्या पेटीतलं कापलेलं गवत पोत्यात भरून कुंपणावरून टाकलं.

दादाने ते उचललं. माझ्या भावाने, ज्याच्या दारचा घास अर्ध्या गावाने नेला, त्याने कारखान्याचं गवत पाठीवर घेतलं. मी मैनाचं दावं धरून पुढे चालले. मागे बघायची हिंमत नव्हती.

१२ एप्रिल

हुकूमला हरसूलला पाठवलं. सोमा दर हंगामात आमच्याकडे कामाला येणारा, तिकडचाच. म्हणाला, “दादा, माझ्याकं धाड तिला. डोंगराला गवत हाय. पानी झऱ्याचं, लांब हाय पन हाय.” पारडी आता चांगली वगार झालीय. टेंपोत चढेना. वहिनीने पुढे होऊन ओंजळीत कोंडा धरला, तिच्यामागे चढली. आणि वहिनी खाली उतरली तर ती पण उतरायला बघायला लागली.

जिंकलेल्या खटल्यातलं एवढंच आमच्याकडे होतं. तेही गेलं. बरी राहील तिकडे. राहो.

३० जुलै

पाऊस बेताचा. विहिरीत गुडघाभर. सोमाचा निरोप आला, हुकूम चांगली आहे, पण तिकडेही भात लावायला यंदा उशीर. अजून एक म्हैस दिली. तिचं नाव लिहीत नाही.

८ डिसेंबर

मैना गाभण! डॉक्टरांनी हात घालून बघितलं. दादाने त्यांना दोनदा विचारलं. बाकीच्या दिवाळीपर्यंत एकेक करून विकल्या, गोठ्यात आता ती एकटीच. एवढ्या मोठ्या गोठ्यात मधोमध उभी असते आणि इकडून तिकडे मान फिरवते. दादा रेडिओ लावून ठेवतो तिच्यासाठी. म्हणतो, आवाज नसला की दूध चोरते. आटलीय ती आता, पण रेडिओ चालूच.

१५ मार्च २००४

परत तेच. विहीर कोरडी. आज आप्पा घरी आले, इतक्या वर्षांनी. बाकी मळ्यांतलेही चारपाच. आईने चहा ठेवला, दूध पिशवीचं. आमच्या घरात पिशवीचं दूध.

आप्पा म्हणाले, “शालू, पोरगा साहेबांशी बोलला. ते पानी सोडायला तयार हायेत. बागेला लागून बी उरतं त्यांचं. प्रांतसायबाचा हुकूम बदलून आन.”

मी म्हटलं, “आणते! शुद्ध केलेलं असेल तर आनंदाने.” खरंच उठूनच उभी राहिले होते.

“येक अट हाय त्यांची. पुढं मानसाला, जनावराला कायबी झालं तरी आमी तक्रार करनार नाय. असं समद्यांनी लिहून द्यायचं.”

मी खाली बसले. शुद्ध केलेलं असेल तर ही अट कशाला? मोठ्याने विचारलं. सगळ्यांना कळलं होतं, मीच शेवटची.

१६ मार्च

दादाशी भांडण. आयुष्यातलं पहिलं असेल. मी म्हटलं, पुन्हा तेच पाणी? पुन्हा बांधाला फावडं घेऊन जायचंय तुला? मैना पाचव्या महिन्यात आहे!

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “गाभडली तरी म्हैस दारात राहती, शालू. पुढल्या वेताला आशा राहती. पानीच नसलं तर म्हैसच नाय.”

वहिनी दारात उभी होती. पदर तोंडाला. ती कोणाच्या बाजूने, विचारायचं धाडस झालं नाही.

२० मार्च

गुपचूप मॅनेजरना भेटले. म्हटलं, पाण्याची तपासणी दर महिन्याला करून द्या, ती अट काढा. ते म्हणाले, “मॅडम, मशीन कधी चालतं, कधी बंद पडतं. लॉनला चालतं. तुमच्या म्हशींची हमी मी कशी देऊ? प्रामाणिकपणे सांगतोय.” खरंच प्रामाणिक होते. हाच तर त्रास आहे, समोर कोणी राक्षस नाही.

२ एप्रिल

अर्ज लिहायला घेतला. चार वेळा फाडला. यंदा मागणीचा परिच्छेद अगदी लहान झालाय. कमीत कमी मागितलं.

तक्रार न करण्याची अशी कबुली कायद्यात टिकत नाही. हे मला माहीत आहे, नमस्कारसाहेबांना माहीत आहे, कंपनीलाही असणार. उद्या काही झालं तर मी पुन्हा १३३ खाली उभी राहू शकते, हा कागद कोणी विचारणार नाही. तेच धरून लिहीत होते. मनाची समजूत.

५ एप्रिल

दादाला वाचून दाखवला. ओट्यावर, सगळ्यांसमोर. ‘जनावरांस इजा अथवा मृत्यू झाल्यास अर्जदार कोणतीही तक्रार करणार नाहीत’ इथपर्यंत आले आणि कागद खाली केला. आप्पांनी माझ्या हातून कागद घेतला आणि उरलेलं त्यांनीच वाचलं, अडखळत.

मी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, “ऐक, हे असलं लिहून दिलेलं कोर्टात चालत नाही. नुसतं सही कर. उद्या मैनाला काही झालं तर मी आहे. आपण परत तक्रार करू.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याला काही घाणेरडं सुचवलं असं. “सही करायची आन् मोडायची? मंग कशाला करायची?”

“दादा, कायद्याने...”

“कायदा तुझा. सही माझी हाय.”

आणि केली. पहिली त्याची, मागच्या अर्जासारखीच क्रमांक एक. सावकाश, नाव पुरतं काढून. मग बाकीच्यांनी. आप्पांनीही केली, मागच्या वेळी नव्हती केली. मी त्याला चांगली ओळखते. पाण्याने मैना मेली तरी तो तोंड उघडणार नाही, मला उघडू देणार नाही. कंपनीने कागदावर मागितलं, याने मनापासून दिलं.

६ एप्रिल

अर्ज समोर आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, खाली ‘अर्जदारांतर्फे वकील’ ही एकच जागा मोकळी. दादा दोनदा दारातून डोकावून गेला. आता गोठ्यात गेलाय, पिंपातलं तळाचं पाणी तांब्याने काढून मैनाच्या बादलीत ओततोय, ऐकू येतंय. ती एका दमात पिते. मग बादली चाटते. मग त्याच्याकडे मान करून रेकते.

प्रांत कचेरी पाचला बंद होते. तो तिला म्हणतोय, “थांब. बाई लिहीतीय.”